दगडाशेजारचा दगड

शनिवार, ३ ऑक्टोबर

घरातली खोकी वाढत चालली आहेत. पुस्तकं वेगळी झाली, भांडी वेगळी झाली. तीही मीच केली, कारण ह्याला कढई आणि पातेलं यातला फरक अजून समजावून सांगावा लागतो. कपाटात निम्मे हँगर मोकळे लटकताहेत.

हा म्हणजे माझा नवरा. दैनंदिनीत तरी नाव लिहावं म्हटलं, तर हात अडतो. सोळा वर्षं एका छपराखाली आणि एकाच अँटेनाखाली काढली. घरी नवरा, कामावर ट्रान्समीटर सांभाळणारा. हा खालच्या खोलीतून रेडिओलहरी आकाशात सोडतो, मी वरच्या खोलीत बसून परत काय येतं ते बघते. आता दुसऱ्या खंडातल्या एका अँटेनावर ह्याची नोकरी ठरते आहे, आणि मी बरोबर जाणार नाही, हे आमचं ठरलं आहे.

ठरलं म्हणजे कसं? जूनमध्ये भांडताना मी म्हणाले, "तू घरात असलास काय आणि नसलास काय, मला सारखंच." आठवड्याने हा म्हणाला, "तिकडे एक जागा निघालीय." मी म्हणाले, "मग जा की." झालं. माणसं सोफा घेताना याहून जास्त चर्चा करतात.

सोमवारपासून दगड येतोय. कागदावर तो लघुग्रह, पण आमच्यात दगडच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दुर्बिणीत सापडला, तेव्हा नुसता ठिपका होता. आता पृथ्वीजवळून जाणार. जवळून म्हणजे चंद्राच्या नऊपट लांबून, पण आमच्या धंद्यात त्याला अगदी दारावरून जाणं म्हणतात. हे काम होईपर्यंत आमच्या दोघांचं कामावर कुणाला कळू द्यायचं नाही, हेही ठरलं आहे. आमच्या प्रमुख बाई साठीला टेकल्या आहेत; त्यांना कळलं तर चहा पाजून समजूत घालतील, आणि मला ते सहन होणार नाही.

रडू येतं. भांडण मी काढलं, "जा" मीच म्हणाले, मग रडू कसलं येतं?

रविवार, ४ ऑक्टोबर

नणंदेचा फोन. आधी नेहमीप्रमाणे माझ्या स्वयंपाकाची टिंगल, मग आवाज खाली आणून, "वहिनी, दादा म्हणतो अजून काही नक्की नाही."

"सगळं नक्की आहे. खोकी बांधून झाली."

"खोकी कुणी बांधली?"

"मी."

ती म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणजे धन्य आहात." ह्याची जुनीच सवय आहे, बहिणीला कधी धड काही सांगायचं नाही. तिला उगाच आशेवर ठेवलंय.

सोमवार, ५ ऑक्टोबर

सकाळी निघताना ह्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आज तू चालव."

अँटेनाकडे जाणारा रस्ता डोंगरावरून जातो, सगळी वळणंच वळणं. मी तिथे कधी चालवत नाही. म्हटलं, "आजच कशाला?"

"सवय कर. पुढे कोण नेणार तुला?"

किती घाई आहे सुटायची. मी चालवली. प्रत्येक वळणाआधी हा स्वतःचा उजवा पाय खाली दाबत होता, त्याच्या बाजूला ब्रेक नसताना. वर पोचल्यावर म्हणाला, "छान चालवलीस." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

दुपारी पहिला प्रतिध्वनी मिळाला. आमचं काम साधं आहे: हा लहरी सोडतो, त्या दगडावर आपटून परत यायच्या आत सोडणं बंद करतो, आणि मग आम्ही ऐकतो. एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं आमच्या अँटेनाला जमत नाही. लाऊडस्पीकरवर ह्याचा आवाज येतो, "सोडतोय," मग "थांबलो," मग माझी पाळी. उन्हाचं लहरींना वावडं नाही, त्यामुळे सगळं भरदिवसा चालतं.

पडद्यावरच्या आलेखात रुंद उंचवटा दिसला. दगड स्वतःभोवती वेगाने फिरतोय. एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, म्हणून प्रतिध्वनी असा पसरतो. आणि उंचवट्याच्या अगदी मधोमध एक बारीक, उंच रेघ.

"ताई, हे मधे काय उभं राहिलंय?" शिट्टी म्हणाला. आमचा संगणकवाला. दिवसभर शिट्टी वाजवतो, म्हणून शिट्टी.

"यंत्राची खोड आहे. मधोमध आली की पुसायची." आम्ही नेहमीच पुसतो. पुसली.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

रेघ आज पुन्हा आहे, पण मधोमध नाही, जरा डावीकडे सरकली आहे. म्हणजे नेहमीची खोड नव्हे. ऑगस्टमध्ये ट्रान्समीटरने असाच त्रास दिला होता. लहरींचा सूर, म्हणजे वारंवारता, स्थिर राहत नव्हता, आणि ह्याने दोन दिवस खपून तो दुरुस्त केला होता. दुरुस्त केला म्हणे. ज्या माणसाचं मन दुसऱ्या अँटेनावर जाऊन बसलंय, त्याच्याकडून आणखी काय होणार? उद्या बोलणार आहे. उद्या दगड सगळ्यात जवळ असणार, उद्या तरी स्वच्छ काम व्हायला हवं.

घरी आल्यावर हा फ्रिज उघडून त्याच्यासमोर उभा राहिला. काही घेईना. मग आतच बघत म्हणाला, "तिकडच्यांना उद्या संध्याकाळपर्यंत पक्कं हो की नाही कळवायचंय."

"मग कळव ना. मला काय विचारतोस? अर्ज मी केला होता का?"

हा तसाच उभा. मी म्हणाले, "दार लाव, वीज फुकट येते का?" ह्याने दार लावलं आणि हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर आडवा झाला. महिनाभर तिथेच झोपतो. पाय बाहेर येतात. मी एकदा चादर टाकायला गेले होते, पण जागा असेल तर काय म्हणेल, म्हणून परत फिरले.

बुधवार, ७ ऑक्टोबर

आज सकाळी रेघ उजवीकडे होती. मी सगळ्यांदेखत लाऊडस्पीकरवर म्हणाले, "तुझ्याकडून काहीतरी येतंय. तुझा सूर हलतोय."

खालून आवाज आला, "किती?"

"दिसण्याइतका. ऑगस्टसारखाच."

"बघतो."

बाईंनी चष्मा वर केला. "नक्की ना? आजचा दिवस पुन्हा मिळायचा नाही."

"नक्की," मी म्हणाले.

बिघडलेला ट्रान्समीटर तसाच चालवला तर आतली, लहरींना जोर देणारी मोठी नळी जळू शकते, आणि मग सगळाच आठवडा गेला. म्हणून ह्याने पूर्ण बंद केला, थंड होऊ दिला, आणि एकेक भाग उघडला. आम्ही वरच्या खोलीत हातावर हात ठेवून बसलो. शिट्टीची शिट्टीही बंद होती. आमच्या डोक्यावरून दगड निघून गेला. संध्याकाळी हा वर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता. बाईंना म्हणाला, "मला काही सापडलं नाही. पण असेल. पुन्हा बघतो."

मला ह्याचा हाच राग येतो. "नाही, माझ्याकडे काही नाही, तू तुझं तपास," असं एकदा तरी ठणकावून म्हणायचं. भांडणाची टाळी कधी दोन्ही हातांनी वाजूच देत नाही. मग मी एकटीच वाईट दिसते.

घरी आल्यावर हा हात धुऊन लॅपटॉप घेऊन बसला. पाच मिनिटांत मिटला. जेवला नाही. मी म्हणाले, सूप गरम आहे. म्हणाला, "नको. झालं माझं."

गुरुवार, ८ ऑक्टोबर

लिहायची लाज वाटते, पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

सकाळी बाईंना निरोप आला. दुर्बिणीतून दगडाचा प्रकाश मोजणारी एक वेधशाळा आहे, त्यांनी विचारलं, "ठराविक वेळाने प्रकाश किंचित कमी होतोय. तुमच्याकडे काही दिसतंय का? याला जोडीदार तर नाही?" एक दुसऱ्याच्या आड गेला की प्रकाश असा कमी होतो.

बाईंनी मोठ्याने वाचलं आणि मी लगेच संगणकाकडे वळले. तिन्ही दिवसांच्या रेघा मूळ नोंदींतून परत काढल्या. सोमवारी मधे, मंगळवारी डावीकडे, बुधवारी उजवीकडे. त्यांच्या वेळा आणि माझ्या रेघा अचूक जुळल्या. दगडाशेजारी दुसरा लहान दगड आहे. लहान, आणि सावकाश फिरणारा, म्हणून त्याचा प्रतिध्वनी पसरत नाही. बारीक, ठसठशीत रेघ उमटते. मोठ्याभोवती फेरी घालताना ती इकडून तिकडे सरकते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवीन माणसं येतात त्यांना हे मीच शिकवते. जोडी असली तर असं दिसतं, म्हणून फळ्यावर आकृती काढून दाखवते. पण त्या दिवशी मला चूक हवी होती, आणि ती ह्याची हवी होती. वड्याचं तेल वांग्यावर काढलं. त्यात सगळ्यात जवळचा दिवस गेला. लहान दगडाचा आकार कळण्याएवढी स्पष्ट चित्रं फक्त कालच मिळाली असती. दगड पुन्हा इतका जवळ येईल तेव्हा आमच्यापैकी कुणी नोकरीत नसेल.

ट्रान्समीटर ठणठणीत होता. ऑगस्टपासून ठणठणीतच आहे.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सकाळच्या बैठकीत उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं. चूक माझी, घाई माझी, ट्रान्समीटरमध्ये कधीच काही नव्हतं. बाईंची माफी मागितली. दिवसभर ताटकळलेल्या शिट्टीची मागितली. प्रकाश मोजणाऱ्या वेधशाळेला लिहून कळवलं, की बुधवारचं आमच्याकडे काही नाही आणि कारण मी आहे. बाई म्हणाल्या, "जोडी सापडली ना? मग पुरे आता. कामाला लागा."

हा दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. बैठक संपली, सगळे गेले, तरी थोडा वेळ तिथेच. मी नोंदी गोळा करत होते. मान वर केली तेव्हा गेला होता.

इतक्या लोकांसमोर नाक घासलं, मन हलकं झालं. ह्याचंही समाधान झालं असेल.

रविवार, ११ ऑक्टोबर

दोन दिवस नुसती चित्रं. ह्या चित्रांत वरखाली म्हणजे अंतर आणि आडवं म्हणजे वेग, त्यामुळे डोळ्यांनी बघितल्यासारखी ती नसतात. तरी मोठा दगड ओळखू येतो. भोवऱ्यासारखा, मधे फुगलेला. आणि बाजूला तो लहानगा. शिट्टीने सगळी चित्रं एकामागून एक चालवून दाखवली. लहानगा फिरतो आहे, मोठ्याला पाठ न दाखवता, एकच बाजू सतत त्याच्याकडे ठेवून. सगळे टाळ्या वाजवत होते. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

येताना गाडीत हा म्हणाला, "उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस. गिअर खाली घे, गाडी आपोआप धरते." मी म्हटलं, बरं. पुढच्या उतारावर गिअर खाली घेतला.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आज वजन निघालं. एकटा दगड आपलं वजन सांगत नाही. त्याची कितीही चित्रं काढा, तो कातळ आहे की भुसा, कळत नाही. शेजारी दुसरा फिरत असेल तरच, त्याची फेरी केवढी आणि किती वेळात होते, यावरून हिशेब मांडता येतो.

वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलका निघाला. बाई म्हणाल्या, "म्हणजे कातळ नाहीच. सगळी सुटी खडी, मधे पोकळी. नुसत्या आपसातल्या ओढीने एकत्र राहिलीय." खोली खूश होती. हा माझ्या मागे उभा राहून आकडे वाचत होता. ह्याचा श्वास माझ्या केसांना लागत होता. मागे वळून ह्याच्या पोटात डोकं खुपसावं, असं इतकं वाटलं की मी खुर्चीचे हात धरून बसले.

मला हा जायला नको आहे. लिहिलं एकदाचं. असला काय नि नसला काय सारखं नाही. कधीच नव्हतं. उद्या शेवटचे वेध आहेत. उद्या सांगणार. शुक्रवारचं विमान आहे, अजून वेळ आहे. सोळा वर्षांचा माणूस एका वाक्याने थांबणार नाही का?

मंगळवार, १३ ऑक्टोबर

परत येताना सांगितलं. वळणं संपून सरळ रस्ता लागला तेव्हा म्हणाले, "जाऊ नकोस."

हा खिडकीबाहेर बघत होता. ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हणाले.

"पुढे ट्रक आहे," हा म्हणाला. मी वेग कमी केला. ट्रक गेला.

"बुधवारपर्यंत मी जाणारच नव्हतो," हा म्हणाला.

"म्हणजे?"

"त्यांना नाही म्हणून कळवायचं असं मनात होतं. फक्त तू एकदा राहा म्हणायला हवं होतंस. मंगळवारी फ्रिजपाशी तेच विचारत होतो."

"मग सरळ विचारायचंस ना."

"हो. तेही माझं चुकलंच."

मी विचारलं, ट्रान्समीटरवरून रागावलास का. ह्याने मान हलवली. "राग नाही गं. त्या दिवशी दिवसभर आत होतो. सगळं उघडून बघितलं, काही सापडेना. आणि तरी मला खात्री होती की चूक माझीच असणार. का, तर तू म्हणालीस. संध्याकाळी हात धुताना वाटलं, असं नको आता जगायला. मग कळवून टाकलं त्यांना."

रस्ता पुसट दिसायला लागला. मी गाडी कडेला घेतली. ह्याने माझ्या बाजूला वाकून इंडिकेटर लावला.

"गुरुवारी खरं कळलं, तेव्हा म्हटलं आता ती येईल खाली," हा म्हणाला. "शुक्रवारी बैठकीनंतरही थांबलो. तू बाईंना म्हणालीस, शिट्टीला म्हणालीस."

"मला वाटलं, सगळ्यांत तू आलास."

"नाही आलो."

मग मी म्हणाले. चुकलं माझं. बुधवारचं, जूनमधलं, त्याआधीचंही कितीतरी. रडत, नाक पुसत, धड एकही वाक्य पुरं नाही. ह्याने सगळं ऐकून घेतलं. खिशातला रुमाल दिला.

"बरं वाटलं," हा म्हणाला. "खरंच बरं वाटलं."

"आता नाही का बदलता येणार? त्यांना सांगून बघ ना."

"त्यांना सांगता येईल," हा म्हणाला. "पण माझ्याने नाही होणार. मी थांबलो, तर महिन्याभरात पुन्हा तुझ्याकडे बघून ठरवायला लागेन, की आज माझं काय चुकलं. मला ठाऊक आहे मी कसा आहे."

अर्धा तास तिथेच बसलो. मग हा म्हणाला, "चल, अंधार पडेल." मी गाडी सुरू केली.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

गेला. विमानतळावर मला पोचवू दिलं नाही, टॅक्सीने गेला. दारात म्हणाला, गॅसचं बिल भरलंय. मी म्हटलं, जेवत जा. एवढंच. नवरा-बायकोने शेवटचं काय बोलायचं असतं, ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

नणंदेचा फोन दोनदा आला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. तिला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवार, १९ ऑक्टोबर

कामावर गेले. खालच्या खोलीत नवीन माणूस येईपर्यंत बाईच बसणार आहेत. त्यांना आता सगळं माहीत आहे. चहा त्यांनी पाजला, समजूत मात्र घातली नाही.

लेखाचा मसुदा दुपारपर्यंत तयार झाला. जोडीचा शोध, फेरीचा काळ, वजन. लहानग्याच्या आकारापुढे "अनिश्चित" असं मीच लिहिलं. मग बाई पहिलं पान घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. सगळ्या लेखकांच्या नावापुढे संस्था लिहायची असते. ह्याच्या नावापुढची जागा मी कोरी सोडली होती.

"इथे काय लिहायचं?" त्यांनी हळू विचारलं. "आपलं, की तिकडचं?"

मी म्हणाले, "आपलं लिहा, बाई. वेध घेतले तेव्हा तो इथे होता."